कॅन्सर आणि मालीश : दाब किती, कुठे, केव्हा

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला मालीश करावी का, याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण मर्यादा म्हणून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, कारण रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत.

आईला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. गेले काही दिवस पाठ दुखते म्हणते. मी हलकी मालीश करणार होते, पण मावशी म्हणाली की चोळल्याने कॅन्सर अंगभर पसरतो. यात तथ्य आहे का?

नाही. कॅन्सरच्या पेशीला पसरायचं तर मूळ गाठीतून सुटणं, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत (ऊतींमधलं पाणी, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळीत) शिरणं, दुसऱ्या अवयवात जाऊन तिथे रुजणं हे सगळं जमावं लागतं. ती क्षमता पेशीच्या जनुकांमधल्या बदलांतून येते, हाताच्या दाबातून येत नाही. रक्त आणि लसिका चालताना, जिना चढताना, खोल श्वास घेतानाही जोराने वाहतात, आणि डॉक्टर तर पेशंटला रोज चालायला सांगतात. एकच पथ्य कडक आहे : जिथे गाठ हाताला लागते किंवा वरच्यावर आहे असं स्कॅनमध्ये दिसतं, तिथे दाब द्यायचा नाही. तिथली कातडी आणि रक्तवाहिन्या नाजूक असतात, दुखतं आणि रक्तस्रावही होऊ शकतो.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मात्र वेगळी वाटते. पाठदुखी नवीन आहे. स्तनाचा कॅन्सर हाडांत जाऊ शकतो, त्यामुळे नवीन आणि टिकून राहिलेली पाठदुखी आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. कारण कळेपर्यंत पाठीला हात लावू नका. हात आणि पाय यांना हलकी मालीश चालेल.

मालीशने मिळतं काय, हेही नीट समजून घ्या. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधली १,२९० पेशंटची नोंद २००४ साली प्रसिद्ध झाली. दुखणं, मळमळ, थकवा, चिंता यांची तीव्रता मालीशनंतर लगेच जवळपास निम्म्यावर आली होती. पण त्यात तुलनेसाठी मालीश न केलेला गट नव्हता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात आजार खूप पुढे गेलेल्या ३८० जणांपैकी काहींना मालीश दिली, तर काहींच्या अंगावर नुसता हात ठेवला. दुखणं दोन्ही गटांत उतरलं. मालीशनंतर लगेच मिळणारा आराम जास्त होता, पण पुढच्या आठवड्यांत तो फरक टिकला नाही. २०२२ च्या अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्यासाठीच्या उपचारांत दुखण्यासाठी मालीश देता येईल असं म्हटलं आहे. थोडक्यात, काही तासांचा, फार तर एखाद-दोन दिवसांचा खरा आराम मिळतो. त्या आजारी माणसासाठी तो मोलाचा आहे. गाठीवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही.

केमोचं विष शरीरातून बाहेर पडावं म्हणून जोरात मालीश करावी, असं एका मालीशवाल्याने सांगितलं.

त्याच्याकडे जाऊ नका. केमोची औषधं यकृत आणि मूत्रपिंडं बाहेर काढतात, मालीशने तो वेग वाढत नाही. केमोनंतरच्या दिवसांत जोरात रगडलं तर दुसऱ्या दिवशी ताप आल्यासारखं अंग मोडून येतं, मळमळ वाढते, माणूस दिवसभर उठत नाही. असा मालीशवाला ‘हे विष बाहेर पडतंय’ असं सांगतो. प्रत्यक्षात ते जास्त दाबाचे परिणाम असतात.

रक्ताचा रिपोर्ट पाहून मालीश करायची की नाही हे घरी ठरवता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या कागदावर दोन गोष्टी पाहा.

पहिली, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी. एक मायक्रोलिटर रक्तात साधारण १,५०,००० ते ४,५०,००० असतात. ५०,००० च्या खाली गेल्या असतील तर फक्त क्रीम लावण्याइतका स्पर्श करायचा, स्नायू दाबायचे नाहीत. २०,००० च्या खाली असतील तर चोळणं पूर्ण बंद, नुसता तळहात ठेवून बसायचं, तेही डॉक्टरांना विचारून. आकडा वाचताना एकक बघायला विसरू नका. काही लॅब हजारांत छापतात, काही लाखांत. ‘४५’ आणि ‘०.४५’ हे दोन्ही ४५,००० असू शकतात. रिपोर्ट हाताशी नसेल तर नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न आपटता उठलेले काळेनिळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसतंय का ते बघा. दिसलं तर मालीश राहू द्या आणि हॉस्पिटलला कळवा.

दुसरी, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. पुष्कळ रिपोर्टांत फक्त टक्का दिलेला असतो, त्याने फसायला होतं. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्क्याने गुणायचं. पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर खरा आकडा ६००. १,००० च्या खाली असेल तेव्हा बाहेरचा मालीशवाला बोलावू नका. घरातल्या निरोगी माणसाने हात साबणाने धुऊन हलका हात फिरवला तर हरकत नाही. ५०० च्या खाली असेल तेव्हा त्यासाठीही डॉक्टरांना विचारा. बहुतेक औषधांत या पेशी डोसनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान सर्वांत खाली असतात. बाहेरून कोणाला बोलवायचंच असेल तर ते पुढच्या डोसच्या आधीच्या आठवड्यात ठरवा.

अंगात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप असेल तर मालीशचा विषयच सोडा. केमो चालू असताना हा ताप म्हणजे तातडीची वेळ असते. रात्र असली तरी फोन करा, आणि डॉक्टरांशी बोलण्याआधी ताप उतरवायची गोळी देऊ नका.

वडील दिवसभर पडून असतात. पाय चेपून दिले की बरं वाटतं म्हणतात. कसे चेपायचे, किती वेळ?

दोन्ही पायांना मिळून १५ ते २० मिनिटं. त्याहून जास्त नको. थकलेल्या शरीराला तासभराची मालीशही झेपत नाही.

तुमची नखं कापलेली असू द्या. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. हात साबणाने धुऊन एकमेकांवर घासून गरम करा. त्यांना पाठीला उशा लावून अर्धवट बसवा, गुडघ्यांखाली एक उशी द्या, पायाखाली टॉवेल पसरा. मग चांगल्या उजेडात दोन्ही पाय नीट पाहा : बोटांच्या बेचक्या, टाचेच्या मागची बाजू, नखांच्या कडा. चीर, फोड, लाली, पाणी सुटलेली जागा दिसली तर ती जागा टाळायची. टाचेचा एखादा भाग लाल असेल आणि दाब काढल्यावरही लालच राहत असेल तर ती अंथरुणातल्या जखमेची सुरुवात असू शकते. ती जागा चोळली तर आतली ऊती आणखी फाटते. तिथे फक्त पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची.

तेल किंवा क्रीम बिनवासाचं घ्या. केमोत वासाने मळमळते, आणि एकदा एखाद्या वासाची मळमळीशी सांगड बसली की तो वास पुढे महिनोन्‌महिने नकोसा होतो. एका पायाला अर्धा चमचा पुरतं. जास्त घेतलं तर तळवा बुळबुळीत राहतो आणि उठताना पाय घसरतो.

सुरुवातीला एक तळहात तळव्याखाली, दुसरा पायाच्या वर ठेवून तीन-चार श्वास तसेच थांबा. मग पूर्ण तळहात टेकवून बोटांकडून घोट्याकडे सावकाश सरका. एका फेरीला चार-पाच सेकंद लागायला हवेत. घाई केली की त्यांना झाडल्यासारखं वाटतं. अशा सात-आठ फेऱ्या. दाब एवढाच ठेवा की वरची कातडी हलेल, खालचा स्नायू दबणार नाही. मालीश शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रेसी वॉल्टन यांनी दाबाच्या पाच पायऱ्या केल्या आहेत. त्यातली पहिली म्हणजे नुसतं लोशन लावणं आणि दुसरी म्हणजे लोशन जिरवणं. उपचार चालू असताना घरच्या माणसाने या दोन पायऱ्यांच्या पुढे जाऊ नये. नंतर अंगठ्याचं पेर सपाट ठेवून टाचेपासून चवड्यापर्यंत छोटी वर्तुळं काढा, टोकाने टोचू नका. पायाचं प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत चिमटीत धरून सोडा. ओढू नका, कडाकडा मोडू नका. घोट्याभोवती तळहात फिरवा. पोटरीवर फक्त खालून वर हलका हात, गुडघ्याखाली थांबायचं. पोटरी मळू किंवा दाबू नका, त्याचं कारण पुढे दिलं आहे.

मध्येच विचारताना ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारू नका. करणाऱ्याचं मन राखायला माणूस ‘हो’च म्हणतो. ‘दाब कमी करू का?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. शेवटी तळवे पुसून कोरडे करा, आणि पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसल्याशिवाय उभं राहू देऊ नका, नाहीतर रक्तदाब उतरून भोवळ येते. दुसऱ्या दिवशी ते जास्त गळून गेलेले दिसले तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा.

केमोनंतर तळपायांना मुंग्या येतात, बधिर वाटतं. दाबून घेतलं तर नस मोकळी होईल का?

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब अशा औषधांनी नसांच्या टोकांना इजा होते. दाबाने ती भरून येत नाही. शिवाय बधिर पायाला दाब किती झाला हे कळत नाही, म्हणून ‘अजून जोरात’ या मागणीवर विसंबायचं नाही. पूर्ण तळहाताचा स्थिर स्पर्श बऱ्याच जणांना सुखावतो, बोटांच्या टोकांचा हलका स्पर्श उलट झिणझिण्या वाढवतो. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर गार हात, गार क्रीम लावू नका. थंडाव्याने झटका बसल्यासारखं होतं.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने तळहात-तळवे लाल होऊन सोलवटतात, तो प्रकार निराळा. तिथे घर्षण आणि उष्णता दोन्हींनी त्रास वाढतो. मालीश बंद, फक्त क्रीम थापून ठेवायचं.

तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही (लसिका ग्रंथी) काढल्या. हाताला सूज नाही. आता पूर्ण अंगाची मालीश करून घ्यायची आहे.

घ्या, पण डावी वरची बाजू आयुष्यभर वेगळी वागवा. सूज नाही म्हणजे धोका संपला असं नसतं. फक्त पहारेकरी गाठ, म्हणजे सेंटिनल नोड (स्तनाची लसिका जिच्याकडे सर्वांत आधी जाते ती) काढली असेल तर हाताला सूज येण्याचं प्रमाण शंभरात साधारण ५ ते ६ असतं. काखेतल्या बहुतेक गाठी काढल्या असतील तर ते २० च्या आसपास जातं, आणि काखेला रेडिएशन मिळालं असेल तर आणखी वाढतं. ज्यांना सूज येते त्यांच्यापैकी बहुतेकांना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, काहींना त्यानंतर बऱ्याच काळाने.

मालीश करणारे बहुधा हाताची काळजी घेतात आणि पाठ विसरतात. काखेतल्या गाठींकडे लसिका फक्त हातातून येत नाही. छातीची ती बाजू, आणि पाठीचा मणक्यापासून कुशीपर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंतचा भागही तिथेच वाहून जातो. तुमच्या बाबतीत डावा हात, डावा खांदा, डावी छाती आणि डावी वरची पाठ या सगळ्यावर पहिल्या-दुसऱ्या पायरीचाच दाब हवा. जोरात रगडलं की कातडी लाल होते, म्हणजे तिथे रक्त वाढतं आणि वाहिन्यांतून पाणी जास्त झिरपतं. ते वाहून नेणाऱ्या वाटा ऑपरेशनमध्ये कमी झालेल्या असतात, त्यामुळे ते साचून राहतं. याच कारणाने गरम दगड, वाफ, शेक त्या बाजूला नको. हात उशीवर थोडा उंच ठेवावा. हे सगळं टेबलवर आडवं होण्याआधी सांगा, मालीश सुरू झाल्यावर बोलायचं राहून जातं.

अंगठी किंवा बाही अचानक घट्ट वाटली, हात जड वाटला, तर दोन्ही हात टेपने मोजा. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये ठरावीक जागा निवडून दर वेळी तिथेच मोजायचं. २ सेंटिमीटरचा नवा फरक दिसला तर डॉक्टरांना दाखवा. खरी सूज आल्यावर साधी मालीश उपयोगाची नाही. लिम्फिडीमाचं, म्हणजे लसिका साचून येणाऱ्या सुजेचं, प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट आधी मान आणि धड यांच्याकडच्या वाटा मोकळ्या करतो, मग हाताकडे येतो, आणि त्यानंतर पट्ट्या बांधतो. पट्टी, व्यायाम, कातडीची निगा यांच्याशिवाय नुसत्या हाताने उतरवलेली सूज परत भरते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे. हात लावणं थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जांघेतल्या गाठी काढलेल्यांनी हेच सगळं पाय, नितंब आणि ओटीपोटाच्या त्या बाजूला लागू करावं.

प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेला आहे. पाठ जोरात दाबून दे, असा हट्ट धरतात. नाही म्हणवत नाही.

तरी नाहीच म्हणा. कॅन्सर गेलेलं हाड आतून पोकळ किंवा ठिसूळ झालेलं असतं. तिथे कोपर टेकवणं, पाठीवर गुडघा देणं, कंबर पिळणं, मान मोडणं यांनी हाड तुटू शकतं. स्नायूवर पडलेला दाब शेवटी हाडावरच जातो, म्हणून ‘मणका सोडून बाजूला दाबतो’ ही पळवाटही चालत नाही. कोणकोणत्या हाडांत आहे ते स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. बरगड्या, माकडहाड, मांडीचं हाड यांचा उल्लेख असेल तर त्या जागाही सोडा, आणि कूस बदलताना हात-पाय ओढू नका.

करता येतं ते असं : कुशीवर झोपवून गुडघ्यांमध्ये एक उशी, छातीशी एक उशी. पाठीवर पूर्ण तळहात नुसता ठेवायचा, दाब न देता, पाच-सात मिनिटं. मग डोकं, कपाळ, तळहात आणि पावलं यांना हलकी मालीश. दाबून हवं असं वाटतं त्याच्यामागे बहुतेक वेळा दुखण्याचं औषध कमी पडत असतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा चांगला उपयोग होतो.

पाठीचं दुखणं एकाएकी वाढलं, पाय लुळे पडू लागले, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मज्जारज्जूवर दाब आला असण्याची शक्यता असते. तासांचा प्रश्न असतो, सकाळची वाट बघू नका.

एकच पाय सुजला आहे, पोटरी दुखते. चोळून सूज उतरेल का?

चोळू नका. कॅन्सर असलेल्या माणसात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो, आणि एका पायाची सूज, ऊब, पोटरीतलं दुखणं ही तिची ओळख. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. आजच डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. दम लागला, छातीत कळ आली तर थेट इमर्जन्सीत न्या. पोटरी मळू नका असं वर म्हटलं ते यासाठीच. पडून असणाऱ्यांत गुठळी कधी कधी सूज न दिसताही असते.

रेडिएशन चालू आहे. तेवढा भाग सोडून बाकी मालीश चालेल?

चालेल. मात्र ‘तेवढा भाग’ म्हणजे किरण आत शिरतात ती जागा आणि पलीकडून बाहेर पडतात तीही. छातीसमोर दिलेल्या रेडिएशनने पाठीची कातडीही काळवंडू शकते. दोन्हीकडे तेल नको, चोळणं नको, आखलेल्या खुणा पुसू नका. रेडिएशन संपल्यावरही पहिला आठवडा-दोन आठवडे कातडी जास्तच भाजल्यासारखी होते. ती पूर्ण भरून आली की मगच हात लावा. मानेला रेडिएशन झालेल्यांना पुढे मान आणि जबडा आखडण्याचा त्रास होतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून तोंड उघडण्याचे व्यायाम शिका, गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र कोणालाही दाबू देऊ नका.

मी मालीशचा व्यवसाय करते. कॅन्सर झालेले लोक येतात तेव्हा काय विचारावं?

कॅन्सर कुठे होता यापेक्षा आज शरीराची स्थिती काय आहे, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. शेवटचा उपचार कधी झाला, गाठी कुठल्या काढल्या, हाडांत काही आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ताप आहे का, अंगावर पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी), पिक लाइन (दंडातून शिरेत घातलेली नळी) किंवा पिशवी (शौचाची किंवा लघवीची) आहे का. स्टेरॉइड बरेच महिने चालू असतील तर कातडी पातळ आणि हाडं कमजोर झालेली असतात, तेही विचारा. पोर्ट असेल तर पालथं झोपवू नका आणि त्याच्याभोवती वीतभर जागा सोडा. पिक लाइन असलेला हात पूर्ण सोडा. ऑपरेशनच्या व्रणावर निदान सहा ते आठ आठवडे आणि सर्जनची परवानगी असल्याशिवाय काही करू नका. पहिली वेळ ३० मिनिटांची ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून कसं वाटलं ते विचारा, पुढचा दाब त्यावरून ठरवा. गिऱ्हाईक जोराची मालीश मागत असेल आणि उत्तरं समाधानकारक नसतील तर पैसे सोडा, जोर लावू नका.

दुखण्यासाठी छातीवर औषधाचा पॅच लावला आहे. पाठीला शेक आणि मालीश चालेल का?

फेन्टॅनिलचा पॅच असेल तर पॅचवर किंवा त्याच्या जवळपास शेक अजिबात नको, चोळणंही नको. उष्णतेने औषध कातडीतून एकदम जास्त शोषलं जातं. गुंगी येते, श्वास मंदावतो. मालीशआधी पॅच कुठे आहे ते शोधून ठेवा आणि त्या बाजूला तेल लागू देऊ नका, कडा सुटतात.

केमो घेतलेल्या माणसाला हात लावताना हातमोजे घालावेत का? रेडिएशन घेतलेल्याच्या जवळ जावं का?

कोरड्या, अखंड कातडीला हात लावायला घरच्यांना मोजे लागत नाहीत. डोसनंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटी साफ करताना मात्र घालावेत. तुमच्या हाताला चीर असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर त्या दोन दिवसांत मालीश दुसऱ्याने करावी. थिओटेपासारखं काही औषध घामातून बाहेर पडतं, तेव्हा वॉर्डातल्या नर्स सांगतील तसं करा. बाहेरून मशिनने दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, त्या माणसाला त्याच संध्याकाळी मिठी मारता येते. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल किंवा शरीरात किरणोत्सारी बिया बसवल्या असतील तर अंतर आणि दिवस ठरवून दिलेले असतात. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून घ्या आणि तेवढे दिवस मालीश पुढे ढकला.